तिसऱ्या तासातला आवाज

केलावानचे सर्वेसर्वा जिवंत आहेत की गेले, हे ठरवणाऱ्या कागदावर एक दिवस आपली सही लागणार आहे, असं मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर मी गुपचूप जर्मन शिकले असते. जर्मन शिकलेल्या माझ्या मैत्रिणी आज सुखात आहेत. मी केलावानी घेतली, कारण त्या वर्गात जागा होती. जागा होती म्हणजे काय, वर्गात मी एकटीच होते आणि त्यामुळे पहिली आले. परराष्ट्र खात्याला केलावानी येणारं माणूस हवं होतं, त्यांना देशभरात एकच सापडलं. तेव्हापासून एकतीस वर्षं मी, हेमलता रिसबूड, या एका देशाची दुभाषी आहे.

देश म्हणजे अकरा बेटं आणि वीस लाख माणसं. बाहेरचं कुणी आत जात नाही, आतलं कुणी बाहेर येत नाही. पण या बेटांमधून जाणारी सामुद्रधुनी अशी मोक्याची, की केलावानने ती अडवली की आजूबाजूच्या सात राष्ट्रांची जहाजं आठवडाभराचा वळसा घालून जातात. तिथल्या सत्ताधीशाला 'तुरोम' म्हणतात. तुरोम म्हणजे घराचं आढं. आढं काढलं की घर खाली येतं, हे तिथल्या मुलांना पहिलीच्या पुस्तकात शिकवतात. हे आढं अडतीस वर्षं जागचं हललेलं नव्हतं. गेले चौदा महिने मात्र ते कुणाला दिसलंही नव्हतं. दर शुक्रवारी रेडिओवर फक्त आवाज यायचा, तोच खर्जातला, सावकाश, प्रत्येक वाक्याला टाळ्यांसाठी जागा सोडणारा.

आता आवाजावर कोण विश्वास ठेवणार? आवाजाची नक्कल हा केव्हाच पोरखेळ झाला होता. कुणाचं दहा मिनिटांचं बोलणं मिळालं की यंत्र त्याचा आवाज उभा करतं, श्वास, खाकरणं, हसू सगळ्यासकट. खरा-खोटा ओळखण्याच्या जेवढ्या युक्त्या निघाल्या, तेवढ्या सहा महिन्यांत जुन्या झाल्या.

डॉ. रुक्साना मुजावर या प्रश्नाकडे आली ती भलत्याच वाटेने. ही मिरजेची मुलगी पुण्यात शिक्षकांच्या घशांवर संशोधन करत होती. सहा-सहा तास शिकवून शिक्षकांचा आवाज का बसतो, एवढाच तिचा विषय. तिला दिसलं की माणूस तासन्‌तास बोलला की स्वरतंतू किंचित सुजतात, तोंड कोरडं पडतं, छातीचे स्नायू ढिले होतात आणि जीभ आळसावते. या चार गोष्टी सुट्या घडत नाहीत, एकमेकींना ओढत नेतात, आणि त्या ओढाताणीची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी असते. यंत्रालाही ही तऱ्हा शिकवता येते, पण त्यासाठी त्या माणसाचं दमून बोललेलं शेकडो तासांचं बोलणं हाताशी लागतं. तुमचं-माझं ते हवं तेवढं मिळेल, आपले फोन दिवसभर ऐकत असतात. पण तुरोमचं कुठून आणणार? अडतीस वर्षांत त्यांचं प्रत्येक भाषण कापून, धुऊन, पुसूनच बाहेर आलं. त्यांचा खोकला कुणी जपून ठेवला नाही, ठेवणाऱ्याची छातीच झाली नसती. त्या स्वच्छ भाषणांवर पोसलेलं यंत्र तिसऱ्या तासालाही पहिल्या तासाइतकंच टवटवीत बोलणार.

म्हणून रुक्सानाने बनवला शीणमापक. पुस्तकाएवढी पेटी, तिच्यावर पडदा, पडद्यावर एक रेघ. तीन तास बोलणं ऐकवायचं. रेघ चढली, तर पलीकडे दमणारा माणूस आहे. सपाट राहिली, तर नाही.

"पण ताई, एक ध्यानात ठेवा," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "ह्यो फक्त एवढंच सांगतोय की पलीकडं जित्ता गळा हाय. कुणाचा, ते नाही सांगत. दुसऱ्याच कुणाला बसवून त्याच्या आवाजाला तुरोमच्या आवाजाचा मुखवटा घातला, तरी रेघ चढणारच. मात्र एकदा ऐकलेला गळा परत ऐकवला, तर मुखवट्याआडून पण ओळखंल. शंभर टक्के."

हे तिने अहवालातही लिहिलं होतं, पान एकोणतीसवर. एकोणतिसाव्या पानापर्यंत कोणत्याही सरकारात कुणी जात नाही.

सात राष्ट्रांनी यंत्र मान्य केलं, पण नुसत्या यंत्राच्या भरवशावर राहायचं नाही असंही ठरवलं. यंत्राच्या निकालाखाली भाषा जाणणाऱ्या माणसाची सही हवी. ते माणूस म्हणजे मी.

बैठक ठरली रत्नागिरीत. केलावानच्या अधिकाऱ्यांना विमानात बसायची परवानगी नसते, विमान कुठेही उतरू शकतं म्हणून. ते जहाजाने आले. राजेलोकांचं करायचं काय, हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही म्हणा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथेच आणून तीस वर्षं ठेवलं होतं. माझं घर सरकारी विश्रामगृहापासून चार किलोमीटरवर, पण वाटाघाटी संपेपर्यंत कुणाला भेटायचं नाही असा नियम. माझे यजमान भालचंद्र रोज सकाळी फाटकावर डबा ठेवून जात. डब्याबरोबर चिठ्ठी द्यायलाही बंदी होती, म्हणून ते घावनांबरोबर कधी खोबऱ्याची चटणी देत, कधी गूळ. चटणी म्हणजे सगळं ठीक, गूळ म्हणजे तुझी आठवण येते. बत्तीस वर्षांच्या संसारात माणूस इतपत हुशार होतो.

व्यवहार साधा होता. केलावानच्या कैदेत आपले एक्केचाळीस खलाशी होते, ते सुटणार. सामुद्रधुनी उघडणार. बदल्यात तुरोम आपल्या तोंडाने वारसाचं नाव सांगणार आणि सातही राष्ट्रं त्या वारसाला मान्यता देणार. नाव सगळ्यांना माहीत होतं, सेनापती हास्क. फक्त ते जिवंत तुरोमच्या तोंडून यायला हवं होतं. मेलेल्या माणसाने नेमलेला वारस कुणालाच नको होता. त्यातून यादवी पेटली असती.

सकाळी दहाला आम्ही बसलो. आमच्या बाजूने सचिव त्यागीसाहेब, मी आणि कोपऱ्यात पेटी घेऊन रुक्साना. बाकी सहा राष्ट्रांचे प्रतिनिधी भिंतीकडेला, ते फक्त ऐकणार होते. समोर केलावानचे परराष्ट्रमंत्री. टेबलाच्या मधोमध स्पीकर, समुद्राखालच्या केबलने थेट तुरोमच्या दालनाशी जोडलेला.

मंत्र्यांच्या शेजारची खुर्ची बघून मी चमकले. तिथे तावी रुमो नव्हता.

रुमो म्हणजे त्यांचा दुभाषा. बावीस वर्षांत नऊ बैठका झाल्या, प्रत्येक वेळी माझ्यासमोर तोच. बारीक, टक्कल पडलेला, पेन्सिलीला चाकूने टोक काढणारा. आम्ही एकमेकांशी स्वतःचं म्हणून एक वाक्यही कधी बोललो नाही, परवानगीच नव्हती. पण माणूस कसा शब्द निवडतो, कुठे अडतो, कशाला लाजतो, हे बावीस वर्षं ऐकल्यावर आणखी काय कळायचं राहतं? माझ्या सख्ख्या भावापेक्षा मी रुमोला जास्त ओळखत होते. आज त्याच्या जागी मिरेत नावाची चाळिशीची बाई होती, त्याचीच विद्यार्थिनी.

"श्री. रुमो?" मी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"त्यांची तब्येत बरी नाही," मिरेत म्हणाली आणि वही उघडून बसली.

आमच्या धंद्याची रीत सांगायला हवी. प्रत्येक दुभाषी आपल्या माणसाचं बोलणं समोरच्याच्या भाषेत नेतो. त्यागीसाहेबांचं बोलणं मी केलावानीत सांगणार, तुरोमचं मिरेत इंग्रजीत. आणि पहिला धडा असा, की 'ते म्हणतात' असं कधी म्हणायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. मी आजवर अनेक मंत्री झाले आहे, दोन नौदलप्रमुख झाले आहे, एकदा तर पंतप्रधानांचा सर्दी झालेला 'मी' झाले होते. दुभाषी स्वतः तिथे नसतोच.

पहिल्या तासात तुरोमचा आवाज खणखणीत होता. दुसऱ्या तासात सामुद्रधुनीचे नकाशे झाले. रेघ हळूहळू चढू लागली. रुक्साना माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. त्यागीसाहेबांनी पाठ खुर्चीला टेकवली. तुरोम जिवंत! एक्केचाळीस घरांत आता फोन जाणार होते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या तासाला, साडेबाराच्या सुमारास, आवाज जड झाला होता. साहेबांनी विचारलं की वारसाच्या प्रश्नावर सैन्यात एकमत आहे का. मी ते केलावानीत सांगितलं. मग तुरोमचा आवाज म्हणाला, "हे म्हणतात, सैन्य आणि घर एकच आहे."

मिरेतची पेन्सिल अर्ध्या अक्षरात थांबली. लगेच तिने इंग्रजीत सांगितलं, "मी म्हणतो, सैन्य आणि घर एकच आहे." कुणाला काही वाटलं नाही. भाषा कळली असती तरी वाटलं नसतं, सत्ताधीश स्वतःला तिसराच कुणी असल्यासारखे संबोधतात, त्यात नवल ते काय.

पण केलावानीत आपल्या मराठीसारखेच दोन शब्द आहेत. दूरच्यासाठी 'ते', जवळच्यासाठी 'हे'. माझी आई वडिलांना जसं 'हे' म्हणायची, हाताच्या अंतरावर असलेल्याला, तसं. तुरोम स्वतःला 'हे' म्हणणार नाहीत. 'हे' म्हणजे त्या दालनात, बोलणाऱ्याच्या शेजारी बसलेला दुसरा कुणीतरी. तो सांगत होता आणि बोलणारा त्याचं बोलणं पुढे पोचवत होता.

ही चूक सत्ताधीशाची नव्हती. ही चूक दमलेला दुभाषा करतो. आणि ती मी आधीही ऐकली होती. रुमोने ती बावीस वर्षांत दोनदा केली होती, दोन्ही वेळा तिसऱ्या तासात. पहिल्या वेळी मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि विषय पुढे नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त पाण्याचा ग्लास माझ्या बाजूला सरकवला. दुसऱ्या वेळी त्याच्या पत्नीला जाऊन पंधरा दिवस झाले होते. ते मला नंतर कळलं.

तुरोम गेले होते. रेडिओसाठी यंत्र चालून गेलं, पण शीणमापकाची खबर लागल्यावर त्यांना दमणारा गळा हवा होता. तीन तास दुसऱ्याचा 'मी' होऊन न अडखळता बोलणारं माणूस अख्ख्या देशात कोण? ज्याचा तो धंदाच आहे, तो. त्याच्या आवाजाला मुखवटा चढवला आणि शेजारी बसून कानात सांगायला सेनापती हास्क.

मी खरं सांगितलं तर आजच रुमोचं काही खरं नव्हतं. आणि गप्प बसले तर? एकदा वारसाचं नाव बोलून झालं की त्या गळ्याची गरज संपली. इतकं मोठं गुपित पोटात असलेल्या माणसाला सेनापती पेन्शनवर घरी पाठवणार होते थोडेच. दोन्हीकडून एकच. आणि नाव घ्यायला वीस मिनिटं उरली होती.

मी हात वर केला. "एक शब्द स्पष्ट झाला नाही. पुन्हा सांगावं."

आवाजाने वाक्य पुन्हा सांगितलं, या वेळी 'मी' म्हणून. मी आणखी एक शंका काढली, मग आणखी एक. त्यागीसाहेब माझ्याकडे बघू लागले. शेवटी मी सरळ सांगितलं, माझाच घसा बसलाय, पंधरा मिनिटं द्या. चहाची सुट्टी झाली.

व्हरांड्यात मी रुक्सानाला धरलं. आजूबाजूला मराठी कळणारा फक्त चहावाला होता, तरी मी आवाज खाली आणला. "तू म्हणाली होतीस, तोच गळा पुन्हा ऐकवला तर पेटी ओळखते."

"ओळखती की."

"आणि दुसरा बसवला, तर?"

"रेघेची चालच बदलंल. लपवताच येणार नाही." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "ताई, कोण बोलतंय ते?"

"एक दमलेला माणूस."

शिक्षकांचे घसे ऐकत आलेली पोर, तिला पुरलं तेवढं.

त्यागीसाहेब बागेच्या कठड्याशी पाठ लावून उभे होते. हा गृहस्थ चार वर्षं या एका करारासाठी सात राजधान्या पालथ्या घालत होता, दोनदा हृदयाला नळ्या बसवल्या होत्या. मी त्यांना हिंदीत म्हटलं, "साहेब, म्हाताऱ्याने आज नाव घेतलं आणि उद्या फिरवलं तर? तेव्हा आपण हास्कला मान्यता देऊन बसलेले असू."

"मग?"

"निवड पक्की आहे हे त्यांनी दर तीन महिन्यांनी याच टेबलावर तीन तास बोलून सांगावं. आजची धरून सलग बारा बैठका. याच पेटीसमोर, याच गळ्याने. मधेच गळा बदलला किंवा बंद पडला, तर मान्यता रद्द. खलाशी आणि सामुद्रधुनी मात्र आजच."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "बारा बैठका म्हणजे जवळपास तीन वर्षं. तेवढा वेळ तिथलं कुणी आततायीपणा करणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, पान एकोणतीस मी वाचलंय. मला पुढचं सांगू नका. मला माहीत नसलेलं बरं."

मी सांगितलं नाही. पण तेव्हा माझं मन काय म्हणत होतं ते इथे लिहिते. वीस लाख माणसं एका मेलेल्या माणसाच्या हुकमाखाली आणखी तीन वर्षं राहणार होती, आणि त्यात माझा हात होता. खरं बोलले असते तर कदाचित ती सुटली असती, कदाचित एकमेकांच्या उरावर बसली असती. ते मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होता तो एक टकलू, चाकूने पेन्सिल तासणारा माणूस. मोठमोठे हिशेब करायची ताकद माझ्यात उरली नव्हती. लाज वाटली, आणि तरी माघार घ्यावीशी वाटली नाही.

परत बसल्यावर साहेबांनी अट मांडली. मी केलावानीत ती सांगताना 'याच गळ्याने' हे शब्द दोनदा सांगितले, कुणाला कळावेत म्हणून ते तुम्हाला कळलंच असेल. स्पीकर अकरा मिनिटं गप्प होता. परराष्ट्रमंत्र्यांच्या मानेवरून घाम ओघळला. मिरेत वहीकडे बघत बसली होती.

अकरा मिनिटांनी आवाज आला. "मान्य." आणि मग संथपणे, एकेक शब्द ठेवत, "माझ्यामागे घराचं आढं म्हणून मी हास्कला निवडतो."

निकालाच्या कागदावर छापलं होतं, 'वरील आवाज तुरोम यांचा असून ते हयात आहेत.' मी ती ओळ खोडली आणि हाताने लिहिलं, 'वरील आवाज जिवंत माणसाचा आहे.' त्याखाली सही केली. भिंतीकडेच्या सहा जणांपैकी कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

आठवड्याने एक्केचाळीस खलाशी परत आले. तोवर मी घरी होते, भालचंद्रांबरोबर टीव्हीवर त्यांना बोटीतून उतरताना पाहत होते.

"तुझंच काम ना हे?" ते कौतुकाने म्हणाले.

"हो."

"मग तोंड का असं?"

"दमले हो," मी म्हटलं. त्यांनी उठून कॉफी केली. माणसाने आणखी काय करावं?

पुढचे तीन महिने मी दर शुक्रवारी केलावानचा रेडिओ ऐकत होते. तिथे यंत्राचाच आवाज होता, टवटवीत. त्यावरून काहीच कळत नव्हतं. हास्कने अट कबूल केली होती, पण पाळली नसेल तर? घाबरून रुमोला केव्हाच संपवलं असेल तर? भाजी चिरताना, अंगण झाडताना मी हेच घोळवत होते. माझी निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. भालचंद्रांनी गुहागरला त्यांच्या बहिणीच्या शेजारी दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, समुद्र दिसणाऱ्या. बत्तीसपैकी एकोणीस वर्षं आम्ही वेगळ्या शहरांत काढली होती. उरलेली तरी एका घरात काढू, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसरी बैठक त्याच दालनात झाली. तेच टेबल, तेच लोक. आवाज आला, खर्जातला, सावकाश. मी रुक्सानाकडे बघायचं टाळत होते. एक तास गेला. दीड गेला. मग तिने कागदाचा कपटा माझ्यासमोर सरकवला. त्यावर मराठीत लिहिलं होतं, 'तोच हाय.'

माझे डोळे भरून आले. सर्दीचं निमित्त करून मी रुमाल काढला. जिवंत होता, बोलत होता, नेहमीच्याच जागी दमत होता.

सामुद्रधुनीतल्या दिव्यांचा विषय संपत आला होता. तिसऱ्या तासाची शेवटची मिनिटं. मग कार्यक्रमपत्रिकेत नसलेला एक प्रश्न आला.

मिरेतचं तोंड उतरलं. तिने अडखळत इंग्रजीत सांगितलं, "मला जाणून घ्यायचं आहे, आपल्या दुभाषी बाई निवृत्त कधी होणार?"

परराष्ट्रमंत्री दचकून स्पीकरकडे बघू लागले. पलीकडे शेजारी बसलेल्यालाही हा प्रश्न नवा असणार, कारण आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे रुमोने स्वतःच्या मनाने विचारलं होतं. बावीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं, आणि तेही एका मेलेल्या माणसाच्या तोंडून. पुढच्या दहा बैठका माझ्याजागी दुसरं कुणी बसलं, रुमोचा पाय कुठे घसरतो हे ज्याला ठाऊक नाही असं, तर रुमोच्या तिसऱ्या तासातलं एक चुकलेलं अक्षर गुपित फुटायला पुरलं असतं.

त्यागीसाहेब मोकळेपणी हसले. "सांगा त्यांना, मॅडम मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांच्या जागी आम्ही चांगला तरुण दुभाषी तयार करतोय."

एकतीस वर्षांत मी एकाही शब्दाची अफरातफर केली नव्हती. वाईट बातम्या जशाच्या तशा सांगितल्या होत्या, शिव्यासुद्धा. मी स्पीकरकडे वाकले आणि केलावानीत म्हटलं, "आमच्या दुभाषी बाई बाराव्या बैठकीपर्यंत कुठेही जाणार नाहीत."

दालनात इंग्रजी आणि केलावानी दोन्ही समजणारी आम्ही दोघीच होतो. मिरेतने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

"ठीक आहे," आवाज म्हणाला.

रुक्साना हळूच माझ्या कानाशी आली. "ताई, रेघ खाली आली बघा. आत्ता, एकदम."

बैठक संपल्यावर त्यागीसाहेबांबरोबर जिना उतरताना मी त्यांना मुदतवाढीचा अर्ज कुणाकडे द्यायचा ते विचारलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्या दुपारी घरी गेले तेव्हा भालचंद्र जेवायचे थांबले होते. मी हात धुतले, पाटावर बसले आणि म्हटलं, "गुहागरच्या खोल्या सोडून द्यायला सांगा."